घर सोडताना निघालेलं नुकसान कोणाच्या खिशातून? या चुका टाळा

टेम्पो दारात उभा आहे, कपाट सरकवलं आणि मागच्या भिंतीवर हातभर ओल निघाली. मालक म्हणतो तुमच्यामुळे, भाडेकरू म्हणतो आधीपासून होती. पुरावा दोघांकडेही नाही, डिपॉझिट मात्र मालकाकडे आहे. मग निकाल कुणाच्या बाजूने लागतो हे सांगायला नको. हा वाद घर सोडताना उफाळत असला तरी तो हरला जातो किल्ली घेतली त्या दिवशी.

करारात काय आहे ते न बघणे

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार भाडेकरूने जागा जशी मिळाली तशी परत द्यायची असते. वाजवी झीज आणि पूर-वादळासारखी कुणाच्या हातात नसलेली आपत्ती यातून वगळलेली आहे. मात्र हे कलम भाडेपट्ट्याला लागू होतं. लिव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे जागा वापरण्याची फक्त परवानगी देणाऱ्या करारात, करारात लिहिलेलं चालतं. म्हणून ‘नैसर्गिक झीज वगळून’ हे तीन शब्द करारात आहेत का, ते सही करण्याआधी बघा. नसतील तर घालून घ्या.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केलेली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. पाचशेच्या स्टॅम्पवर भागवणाऱ्या मालकांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

रिकाम्या घराचा व्हिडिओ न काढणे

सामान आत यायच्या आधी, दिवसाउजेडी, एकच सलग व्हिडिओ काढा. मधल्या भिंती सगळेच टिपतात. वाद होतात ते सिंकखालच्या फळीवरून, मोरीच्या चौकटीच्या तळावरून, छताच्या कोपऱ्यांवरून आणि खिडकीच्या खालच्या पट्टीवरून. फरशी नाण्याने वाजवून बघा. पोकळ आवाज येत असेल तर खाली मसाला नीट भरलेला नाही आणि ती फरशी उद्या कपाटाच्या पायाखाली तडकू शकते. तो दोष बांधकामाचा. वीजमीटरचा नंबर आणि रीडिंग एकाच फोटोत घ्या. सगळं त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि ‘पाहिलं’ एवढं तरी उत्तर मागून घ्या.

ओल कुठली हे न ओळखता भांडणे

कोल्हापुरात डिपॉझिटचे पैसे इथेही कापले जातात, आणि बरेचदा चुकीच्या माणसाचे.

फरशीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल आहे आणि पांढरा लोणा (भिंतीवर येणारा क्षार) फुटलाय, तर पाणी जमिनीतून चढतंय. पेठांमधल्या जुन्या घरांत हे नेहमीचं. खर्च मालकाचा. छताच्या कोपऱ्यातून पसरणारा पिवळट डाग स्लॅबचा किंवा वरच्या मजल्यावरच्या मोरीचा असतो. त्यात भाडेकरूचा संबंध नाही. मोरीशेजारच्या भिंतीला ओल असेल तर मोरी तीन दिवस कोरडी ठेवा. तरीही ओल तशीच राहिली तर भिंतीतली पाइप गळत असण्याची शक्यता जास्त.

कपाटामागे काळी बुरशी, पण लोणा नाही, असं असेल तर एक सोपी तपासणी आहे. फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस थांबा. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर ती हवेतली वाफ. पावसाळाभर खिडक्या लावून आत कपडे वाळवल्याचा तो परिणाम, म्हणजे भाडेकरूची बाजू कमजोर. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतूनच येतंय.

आता पुराचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. दुधाळी, सुतारवाडा, बापट कॅम्प, शाहूपुरीतली कुंभार गल्ली अशा भागांत तळमजला घेताना सगळ्या खोल्यांत एकाच उंचीवर गेलेली पुसट रेघ शोधा. रंगाखाली ती दिसली नाही तर खालच्या स्विचबोर्डाचे स्क्रू गंजलेत का, दाराची प्लाय तळाशी फुगलीय का ते बघा. भिंत वाळायच्या आत ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते आणि पुढच्या भाडेकरूच्या काळात पापुद्रे सुटतात. ते त्याच्या माथी मारता येत नाहीत.

तोंडी सांगून गप्प बसणे

गळती मालकाची असली तरी कळवायची जबाबदारी राहणाऱ्याची. नळाचा वॉशर गेला, सहा महिने पाणी झिरपलं आणि सिंकखालचं कपाट कुजलं, तर वॉशरचा खर्च कुणाचाही असो, कपाटाचा प्रश्न भाडेकरूवर येतो. तारखेसह मेसेज करा, फोटो जोडा.

नव्या वस्तूची पूर्ण किंमत मान्य करणे

झीज कापायचं कोष्टक कायद्यात नाही, पण हिशेब साधा आहे. समजा रंगाला १२,००० खर्च आला होता आणि तो चार वर्षं टिकतो. तीन वर्षांनी मुलाने खडूने भिंत रंगवली, तर उरलेलं मोल ३,०००. तेवढंच मागणं रास्त. फिकट रंग, सैल बिजागरी, घासलेला नळ ही झीज. फुटलेलं बेसिन, ड्रिलने तडकलेली टाइल, फरशीवर इस्त्रीचा डाग हे नुकसान. खिळ्यांची भोकं पुट्टीने स्वतःच बुजवून टाका. काम अर्ध्या तासाचं आहे, आणि त्यासाठी मालकाने लावलेला मिस्त्री दिवसाची हजेरी घेतो.

टेम्पोवाल्याचं नुकसान घराच्या हिशेबात मिसळणे

सोफा जिन्यात घासून कठडा वाकला तर मालक किंवा सोसायटी तुम्हालाच विचारणार, कारण हमाल तुम्ही आणले. तुम्ही ते वाहतूकदाराकडून वसूल करायचं. त्यासाठी पावतीवर तिथल्या तिथे नोंद हवी. खोकी उघडायला वेळ नसेल तर सहीबरोबर ‘आतला माल न तपासता घेतला’ असं लिहा. विम्याच्या नावाखाली पैसे घेतले असतील तर पॉलिसी क्रमांक मागा. नुसत्या बिलावरच्या ओळीला अर्थ नाही. मालवाहतूकदारावर दावा करायचा तर रस्ता वाहतूक अधिनियम, २००७ प्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं.

काही नुकसान मात्र आपलंच असतं. आडवा नेलेला फ्रिज उभा केल्यावर चार तासांच्या आत सुरू केला आणि कॉम्प्रेसर गेला, तर टेम्पोवाल्याला बोल लावून उपयोग नाही. फ्रंटलोड वॉशिंग मशीनचे ट्रान्झिट बोल्ट (हलवताना ड्रम घट्ट धरून ठेवणारे) न लावता ते हलवलं तरी तेच.

किल्ली आधी देऊन हिशेब नंतरवर ढकलणे

सामान निघाल्यावर, घर झाडून, मालकासोबत पहिल्या दिवशीचा व्हिडिओ समोर ठेवून फेरी मारा. कपात असेल तर वस्तू, कारण आणि रक्कम कागदावर, दोघांच्या सह्यांनिशी. मीटरचं शेवटचं रीडिंग त्याच कागदावर. पाणीपट्टी करारात तुमच्याकडे असेल तर तिचा हिशेब तिथेच मिटवा. घरफाळा मात्र, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, मालकाचाच. किल्ली कुणाला, किती वाजता दिली हेही लिहा. त्यानंतर त्या घरात फुटलेल्या नळाचं बिल तुमच्याकडे येता कामा नये.