परसातलं टाकं: आधी काठ, मग पाणी

चैत्र लागला, ओढे आटले की परसातल्या चार घमेली पाण्यावरही पाखरं येतात. पण टाक्याच्या भिंती सरळ असतील तर ती काठावर बसतात, वाकून बघतात आणि निघून जातात. म्हणून काठाचा विचार आधी करा.

आमच्या साताऱ्याच्या घरामागे, धुण्याच्या दगडाशेजारी दीड फूट खोल सिमेंटचं टाकं आहे. त्यात एका बाजूला विटा रचून वर खडबडीत फरशी तिरकी टाकली आहे. कडेला बोटभर पाणी, पुढे चार बोटं. बुलबुल, साळुंक्या, दयाळ तिथंच अंघोळीला उतरतात. गुळगुळीत टाइल अजिबात नको, पाय घसरतात. चुकून पडलेली खार, पालही याच फरशीवरून बाहेर येते.

टाकं नवं असेल तर पाणी भरा, उपसा, पुन्हा भरा. सिमेंटचा चुना निघाल्यावरच झाडं लावा.

पाण्यावर झुकलेली एक वाळकी फांदी मात्र हवीच. मार्च-एप्रिलमध्ये स्वर्गीय नर्तक येतो, तो इतरांसारखा काठावर बसून न्हात नाही. ऊन कललं की फांदीवरून थेट पाण्यात सूर मारतो, छाती भिजली की पुन्हा फांदीवर, पिसं फुलवून झटकतो आणि परत सूर. पांढऱ्या नराची लांब शेपटी तेव्हा ओल्या नाडीसारखी लोंबत असते. हे बघायला मिळावं म्हणून तरी फांदी लावा!

एक-दोन काठ्या पाण्यात उभ्या रोवा. चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात, डासांच्या अळ्या खातात आणि शेवटी काठीवर चढून कात टाकतात. पाठीवर उभी चिरलेली ती कात सकाळी काठीलाच धरून असते. गप्पी मासे सोडलेच तर पावसाळ्यात ते वाहून ओढ्यात जाणार नाहीत असं बघा.

सगळं शेवाळ घासू नका. मधमाश्या ओल्या शेवाळावर बसून पाणी पितात.

मांजराला दबा धरता येऊ नये म्हणून भोवती तीन-चार हात जागा मोकळी ठेवा. दिवड दिसला तर घाबरू नका, तो बिनविषारी. पण साप ओळखता येत नसेल तर लांब राहा, सर्पमित्राला बोलवा.

मे महिन्यात गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना रोज संध्याकाळी दोन बादल्या ओतायला सांगून जा. पाणी उतरलं की सगळ्यात आधी फरशीच कोरडी पडते.