हार्टवर्मपासून कुत्र्या-मांजरांना कसे वाचवावे

हार्टवर्म हा हृदयात आणि फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत राहणारा जंत आहे. दोऱ्यासारखी बारीक मादी 25 ते 30 सेंटिमीटर लांब होते आणि कुत्र्याच्या अंगात पाच ते सात वर्षे जगते. तो पसरतो फक्त डासांमुळे. बाधित कुत्र्याला चावलेला डास रक्तासोबत सूक्ष्म अळ्या घेतो. उबदार हवेत दोनेक आठवड्यांत त्या तयार होतात आणि पुढच्या चाव्यातून दुसऱ्या जनावरात शिरतात. एकत्र खेळल्याने किंवा एका भांड्यात खाल्ल्याने लागण होत नाही.

आधी तपासणी करा. कुत्रा सात महिन्यांपेक्षा मोठा असेल, तर प्रतिबंधक औषध सुरू करण्यापूर्वी रक्ताची अँटिजेन टेस्ट (जंताची प्रथिने शोधणारी तपासणी) हवीच. रक्तात आधीच पुष्कळ अळ्या असतील, तर औषधाने त्या एकदम मरून कुत्र्याला जोराची रिअॅक्शन येऊ शकते. पिल्लांना मात्र आठ आठवड्यांच्या आतच औषध सुरू करतात.

दर महिन्याची तारीख पाळा. माझ्या मते सगळे इथेच ठरते. गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब पुढच्या महिन्यासाठी कवच देत नाहीत. गेल्या महिन्यात शिरलेल्या कोवळ्या अळ्या ते मारतात. दोन महिने उलटले की अळ्या मोठ्या होतात आणि औषधाला दाद देत नाहीत. गोळी चावून गिळेपर्यंत समोर उभे राहा. थोड्या वेळाने कोपऱ्यात थुंकलेली सापडली किंवा उलटीतून पडली, तर लगेच पशुवैद्यांना कळवा. डोस चुकला असेल तर तो ताबडतोब सुरू करा आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. टेस्ट प्रौढ मादीची प्रथिने शोधते, त्यामुळे ताजी लागण तिला दिसत नाही. औषध नियमित असले तरी वर्षातून एकदा टेस्ट कराच.

गाई-घोड्यांसाठीचे आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक औषध अंदाजाने कधीही देऊ नका. ते फार तीव्र असते, आणि कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत जास्त डोस थेट मेंदूवर जातो.

मांजर घराबाहेर जात नसले तरी डास आत येतोच. मांजरात एखादाच जंत असतो, पण धाप, खोकला आणि उलट्या होतात. दमा समजून खरे कारण राहून जाते. प्रौढ जंत मारणारे सुरक्षित औषध मांजरांसाठी नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत प्रतिबंध आणखी मोलाचा.

साचलेले पाणी काढा, जाळ्या लावा. पण एवढ्यावर विसंबू नका.

कुत्रा लवकर दमतो, खोकतो, वजन घटते, पोट फुगते, तर थांबू नका. उपचार आहेत, पण महिनोन्‌महिने चालणारे. त्या काळात मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत अडकतात. कुत्रा धावला तर तेच जिवावर बेततात. म्हणून बरे वाटू लागलेल्या, उड्या मारू पाहणाऱ्या कुत्र्यालाही डॉक्टर सांगेपर्यंत पट्ट्यानेच, फक्त शी-शूपुरते बाहेर न्या.