घरच्या वर्कशॉपसाठी ड्रम सँडर: निवडायचा कसा, बसवायचा कसा

शिसवाच्या आणि सागाच्या पट्ट्या चिकटवून चॉपिंग बोर्ड तयार केला की खरं काम तिथून पुढे सुरू होतं. शेजारशेजारच्या पट्ट्यांचे रेषे उलटसुलट असतात. रंधा मारला तर ढलप्या निघतात आणि हाताने पॉलिश पेपर घासत बसलं तर कुठे खोलगट, कुठे उंच होतं. ड्रम सँडर याच कामासाठी आहे. वरचा आडवा ड्रम पॉलिश पेपर गुंडाळलेल्या अवस्थेत फिरतो, खालचा कन्व्हेअर पट्टा फळी पुढे सरकवतो आणि फळी सगळीकडे एकसारख्या जाडीची होऊन बाहेर पडते.

पण हे मशीन म्हणजे थिकनेसर, म्हणजे पात्यांनी फळीची जाडी कमी करणारं मशीन, नव्हे, हे विकत घेण्याआधीच पक्कं लक्षात घ्या. ८० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे कागदाच्या खरखरीतपणाचा आकडा; आकडा मोठा तितका कागद बारीक) कागद लावला तरी एका फेरीत फार तर ०.४ मिलिमीटर, म्हणजे सुताचा आठवा भाग, एवढंच लाकूड काढावं. १२० ग्रिटला त्याच्याही निम्मं. वाकलेली फळी सरळ करणंही याच्याकडून होत नाही. रोलर तिला दाबून तेवढ्यापुरती सपाट करतात आणि बाहेर आली की ती पुन्हा पहिल्यासारखीच वाकते. फळी आधी रंध्याने सरळ करून मगच इथे आणायची.

निवडताना

घरासाठी मी एका बाजूने उघडा ड्रम असलेलं मशीन सुचवेन. '१६-३२' असा आकडा दिसतो तो याच प्रकारातला: ड्रम १६ इंची, पण फळी फिरवून दुसऱ्या बाजूने घातली की ३२ इंच रुंदीपर्यंत घासता येते. दोन्ही बाजूंनी आधार असलेला ड्रम जास्त भक्कम असतो हे खरं, पण टेबलटॉपसारखं रुंद काम त्यात बसत नाही. कन्व्हेअरचा वेग कमीजास्त करता येतो ना, ते बघाच. कागदाची ३ इंची पट्टी कापडी पाठीच्या रोलमधून कापून घेता येते. असा रोल आपल्या गावात मिळतो का, ते आधी विचारा.

१६ इंची ड्रमला दीड हॉर्सपॉवरची मोटर लागते. तिच्यासाठी बोर्डापासून वेगळी लाइन, १६ अँपिअरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग करून घ्या. कुणी अमेरिकेतून मशीन आणत असेल तर सांगून ठेवतो: ११० व्होल्टचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरने सुटतो, ६० हर्ट्झचा सुटत नाही. आपल्या ५० हर्ट्झवर ती मोटर हळू फिरते आणि जास्त तापते.

आणि धूळ. बजेट मर्यादित असेल तर ड्रमची रुंदी कमी घ्या, पण डस्ट कलेक्टरवर काटकसर करू नका. साधारण ४ इंची पाइप आणि मिनिटाला ६०० घनफूट हवा खेचणारा कलेक्टर हवा. घरातला व्हॅक्यूम क्लीनर इथे पुरत नाही. लाकडाच्या धुळीची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केलेली आहे. साग-शिसवाच्या भुकटीने कातडीला खाज सुटते, काहींना दमही लागतो. कलेक्टर असला तरी एन-९५ मास्क हवाच.

बसवताना

या मशीनवर लोक वैतागतात ते बहुतेक वेळा जुळवणी अर्धवट राहिल्यामुळे. इथे घाई नको. स्टँड हलत नाही याची खात्री करा, मग कन्व्हेअर नुसता चालवून बघा. पट्टा एका बाजूला सरकत असेल तर त्या बाजूचा स्क्रू पाव फेराच आवळा आणि थांबा. पट्ट्याला जागेवर यायला वेळ लागतो.

आता ड्रम आणि टेबल समांतर करायचे. प्लग काढा, ड्रमवरचा कागद उतरवा. एकाच पट्टीतून कापलेले दोन ठोकळे ड्रमच्या दोन टोकांखाली ठेवा. ड्रम हळूहळू खाली आणा आणि दोन्हीकडे फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांचा संच) फट मोजा. फरक असेल तर समायोजनाचा स्क्रू थोडा थोडा फिरवा. मग कागद लावून खरी परीक्षा घ्या: सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या, एक डावीकडून, एक उजवीकडून, एकाच सेटिंगवर घाला आणि व्हर्निअरने मोजा. ०.१ मिलिमीटरच्या आत आलात की झालं. ड्रमपेक्षा रुंद फळी घासायची असेल तेव्हा उघडं टोक केसभर वर ठेवा, नाहीतर फळीच्या मध्यावर रेघ उमटते.

कागद लावताना जुनी पट्टी नवीवर ठेवून टोकांचा तिरका काप आखा. पहिलं टोक क्लिपमध्ये अडकवा आणि पट्टी ताणून गुंडाळत न्या. कडा एकमेकींना भिडाव्यात, पण एकीवर दुसरी चढू देऊ नका. चढली की तिथे लाकडावर चर पडलाच. शेवटचं टोक स्प्रिंगच्या क्लिपमध्ये घालताना आत थोडी जागा ठेवा, म्हणजे कागद सैलावला तर स्प्रिंग तो ओढून घेते.

पहिली फळी

फळीवरचा वाळलेला फेव्हिकॉल पटाशीने खरवडून काढा. त्याचा एक थेंबसुद्धा कागद जाळतो. प्लग काढलेला असतानाच फळीचा सर्वांत जाड भाग ड्रमखाली आणा, ड्रम हाताने फिरवत खाली घ्या आणि जेमतेम स्पर्श झाला की थांबा. फळी बाहेर काढा. आधी कलेक्टर, मग ड्रम, मग कन्व्हेअर सुरू करा. फळी थोडी तिरकी घाला, त्याने मोटरवरचा भार कमी होतो. शेवटची फेरी मात्र रेष्याच्या दिशेने सरळ. एकदा आत गेलेली फळी मध्येच थांबवू नका, ड्रम तिथेच खड्डा पाडतो. स्वतः बाजूला उभे राहा, हातमोजे आणि सैल बाह्या नकोत. लांब फळीला दोन्हीकडे आधार द्या. तुकडा रोलरमधल्या अंतरापेक्षा आखूड असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या चिकटवून घाला आणि नंतर कापून टाका.

काळी रेघ उमटली तर कागदात राळ किंवा तेल भरलं आहे असं समजा. सागाबाबत हे नेहमीचंच. ड्रम आणि कलेक्टर चालू ठेवून क्रेप रबराची कांडी हलक्या हाताने फिरवा, कागद मोकळा होतो. १५० ग्रिटच्या पुढचं काम हातातल्या ऑर्बिटल सँडरवर करा. पावसाळ्यात कागदाचे रोल बंद पिशवीत ठेवा आणि मशीन सुरू करण्याआधी ड्रमवरची पट्टी सैल झाली नाही ना, हे बोटाने चाचपून बघा, अर्थात प्लग काढूनच.