पिवळ्यावर पिवळं: व्हॅन गॉगच्या पद्धतीने सूर्यफुलं कशी रंगवायची

आधी लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं व्हॅन गॉगचं सूर्यफुलांचं चित्र मोबाईलवर मोठं करून निवांत बघा. १८८८ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या आर्लला काढलंय, त्याचा चित्रकार मित्र गोगँ राहायला येणार होता, त्याची खोली सजवायला. फुलं पिवळी, बरणी पिवळी, टेबल पिवळं, मागची भिंतपण पिवळी, तरी प्रत्येक गोष्ट वेगळी कळते, आपल्याला नेमकं हेच शिकायचंय.

फुलं घेताना सगळी ताजी घेऊ नका. एक टवटवीत, एक मान टाकलेलं, एक पाकळ्या गळून नुसतं बियांचं उरलेलं, असं हवं. सूर्यफुलं नाही मिळाली तर झेंडू चालेल. बसायचं सकाळी लवकर, कारण फुलं पटकन सुकतात, व्हॅन गॉगही याच कारणासाठी उजाडल्यापासून रंगवायला बसायचा.

पेन्सिल नको, पातळ केलेल्या निळ्या ऑइल रंगाने ब्रशनेच बाह्यरेषा काढा. टेबलाची कड आणि बरणीची रेघ निळीच राहू द्या, मूळ चित्रातपण ती बारीक निळी रेघ आहे आणि तिच्यामुळेच एवढं पिवळं उठून दिसतं.

आता खरं काम. पॅलेटवर लेमन यलो, कॅडमियम यलो आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) असे तीन पिवळे वेगवेगळे ठेवा. भिंतीला लेमनमध्ये भरपूर पांढरा, पाकळ्यांना कॅडमियम, टेबलाला ऑकर. सावलीसाठी काळा अजिबात नको, माझ्या पहिल्या चित्रात मी तो घातला आणि पाकळ्या शेवाळ्यासारख्या हिरवट, मळकट झाल्या. त्याऐवजी ऑकरमध्ये थोडा नारिंगी घाला.

पाकळी म्हणजे ब्रशचा एकच फटकारा, देठाकडून टोकाकडे ओढायचा आणि टोकाला ब्रश उचलायचा, मग तिथे रंगाची बारीक धार उभी राहते. बियांच्या भागात रंग ओढायचा नाही, जाड रंगाचे ठिपके शेजारी शेजारी टेकवत जायचे, एवढे की बोट फिरवलं तर खडबडीत लागेल. एकदा मारलेला फटकारा परत घोटू नका, सगळा ताजेपणा तिथेच जातो.

आणि क्रोम यलो वापरू नका. व्हॅन गॉगने तोच वापरला होता, पण त्यात शिसं असतं, आणि त्याचे काही प्रकार उजेडाने तपकिरी पडतात.

ऑइलचा जाड थर वरून कोरडा वाटला तरी आत ओला असतो, त्यामुळे व्हार्निश कमीत कमी सहा महिन्यांनी. तोवर धूळ बसणार नाही अशा जागी भिंतीकडे तोंड करून टेकवून ठेवा.