ऑनर्सचा फॉर्म हातात पडण्याआधी

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष संपलं की पाचव्या सेमिस्टरच्या तोंडावर ऑनर्सचा, म्हणजे डिग्रीसोबत जादा घ्यायच्या विषयगटाचा, फॉर्म येतो. एआय-एमएल, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, आयओटी, ब्लॉकचेन असे पर्याय, मुदत दोन-तीन दिवसांची, आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच सूर: 'एआय टाका'. मीही तसंच टाकलं होतं आणि महिनाभरात काढून घेतलं. त्या दोन दिवसांत काही सुचत नाही, म्हणून तयारी चौथं सेमिस्टर चालू असतानाच उरकून ठेवा.

आधी 'स्पेशलायझेशन' म्हणजे नक्की काय मिळणार आहे ते वेगळं करा. कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीत, चॉइस कोडसमोर जी कंसातली शाखा दिसते, उदाहरणार्थ 'कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग (एआय अँड एमएल)', ती प्रवेशाच्या वेळीच ठरते. ऑनर्स साध्या कॉम्प्युटरच्या डिग्रीवर चढतो: एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या चौकटीत १६० क्रेडिटांच्या वर आणखी १८ ते २०. हेच पेपर मेकॅनिकलच्या मुलीने घेतले तर तिच्यासाठी तो मायनर, म्हणजे दुसऱ्या शाखेतला जोडविषय. इलेक्टिव्ह, म्हणजे निवडीचे पेपर, मात्र डिग्रीच्या आतच असतात, त्यांना वेगळे कष्ट नाहीत. नुसती चव घ्यायची असेल तर एक इलेक्टिव्ह पुरतो. हे कळायला मला सातवं सेमिस्टर उजाडलं.

मग विद्यापीठाच्या साइटवरून ऑनर्सचा सिलॅबस उतरवून घ्या आणि नावं सोडून युनिट वाचा. तो घेऊन विभागात जा आणि विचारा: शिकवणार कोण, लॅब खरंच होते का, तास शनिवारी असतात का, सबमिशनच्या आठवड्यात ऑनर्सची परीक्षा येते का. ऑनर्सच्या पेपरात केटी लागली (विषय राहिला) तर मूळ डिग्री अडते की फक्त 'ऑनर्स' हा शब्द गळतो, हे तोंडी ऐकू नका, नियमात बघा. सिनिअरला विचारायचं तर टॉपरला नको. ज्याने मध्येच सोडलं त्याला चहा पाजा, तो खरं सांगतो.

आता मुख्य काम. प्रत्येक दिशेला एक शनिवार-रविवार द्या आणि तिथलं रोजचं काम करून बघा.

एआय-डेटाकडे ओढा असेल तर तयार, धुतलेला डेटा घेऊ नका. ॲगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी साइटवरून लासलगावच्या कांद्याचे वर्षभराचे भाव उतरवा. लिलाव बंद असलेले दिवस गायब असतील. ती भोकं बुजवायची की तशीच ठेवायची, हे ठरवण्यातच शनिवार जाईल. रविवारी कुठलीही लायब्ररी न वापरता लिनिअर रिग्रेशन (आकड्यांतून सरळ रेषेचा अंदाज) लिहा आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह वहीत स्वतः काढा. भावाचा अंदाज चुकेलच, त्याचं काही नाही. का चुकला, हे शोधताना मजा आली की डोकं उठलं एवढं लिहून ठेवा. एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) कसाबसा काढलेला असेल तर लिनिअर अल्जेब्रा आणि प्रॉबॅबिलिटी पुन्हा उघडावीच लागेल, त्याला पळवाट नाही.

सिक्युरिटीसाठी 'ओव्हरदवायर'चा बँडिट हा खेळ सुरू करा. तो ब्राउझरमध्ये नाही, टर्मिनलमध्ये एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करून, खेळतात. दहाव्या पातळीपर्यंत पोचलात आणि जेवायला हाक मारलेली ऐकू आली नाही, तर पर्याय फॉर्मवर ठेवा. पण सराव करायचा तो तिथेच किंवा स्वतःच्या मशीनवर. कॉलेजच्या वाय-फायवर किंवा निकालाच्या पोर्टलवर 'फक्त बघितलं' हेही २००० च्या आयटी कायद्यात बसतं, आणि ते अप्रामाणिक हेतूने केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सिस्टिम्सचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमसारख्या आतल्या कामाचा, पर्याय फॉर्मवर सहसा नसतोच, तरी एक शनिवार त्याला द्या. एमआयटीची एक्सव्ही-सिक्स ही शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, काही हजार ओळींचं सी. ती क्यूईएमयू या आभासी मशीनवर चालवा आणि तिच्यात स्वतःचा एक सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमकडे काम मागण्याची वाट) घाला. माझी गाडी इथे रुळावर आली आणि पुढे ऑनर्सशिवायच इथे राहिलो. आयओटीसाठी एक ईएसपी-३२ बोर्ड आणि एक सेन्सर आणला की दुपारभरात अंदाज येतो. ब्लॉकचेनबद्दल माझं मत: संपूर्ण ऑनर्स घेण्याआधी नेटवर्क्स आणि डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स नीट करा, मग बघा.

गेट, म्हणजे एमटेकची प्रवेशपरीक्षा, द्यायची असेल तर आत्ताच सीएस आणि डीए या दोन्ही पेपरांचे सिलॅबस शेजारी ठेवा. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आहे, डीए. त्यात प्रॉबॅबिलिटी, लिनिअर अल्जेब्रा, मशीन लर्निंग, डेटाबेस आहेत. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स, कंपायलर नाहीत. सीएसच्या पेपरात ते तिन्ही आहेत. कॅम्पसच्या मुलाखतीत मात्र ऑनर्स कुठलाही असो, डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स-अल्गोरिदम), डीबीएमएस (डेटाबेस) आणि ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) विचारतातच, त्यामुळे ऑनर्सच्या नादात हे विषय पातळ होऊ देऊ नका.

घरी सांगायचं कामही यादीत धरा. काकांना 'एआयला स्कोप आहे' एवढंच माहीत असतं, त्यात त्यांची चूक नाही. त्यांना कांद्याच्या भावाचा आलेख दाखवा, बोलणं सोपं होतं. जादा फी किती, तेही त्याच बैठकीत सांगून टाका.

उरला फॉर्म. जागा बहुधा सीजीपीएवर वाटतात, तेव्हा दुसरा पसंतीक्रम रिकामा सोडू नका, आणि जिथे दोन दिवस बसवलं नाही असा पर्याय तिसरा म्हणूनही भरू नका. मुदतीनंतर बदल किती दिवस चालतो ते विचारा. सही-शिक्का झालेल्या फॉर्मचा फोटो मोबाइलमध्ये राहू द्या. माझा काढून घेतल्याचा अर्ज ऑफिसात सापडत नव्हता, तेव्हा तो फोटोच उपयोगी पडला.