कंपनीचं सगळं चालू ठेवून गाडीत नवा स्टिरिओ बसवायचाय? आधी ही तयारी करा

तयारी दुकानात सुरू होत नाही, आपल्याच गाडीत बसून सुरू होते. स्टिरिओ कोणता घ्यायचा हे सगळ्यात शेवटी ठरवा. आधी वही घ्या आणि गाडी आज काय काय करते ते लिहून काढा. स्टिअरिंगवरची प्रत्येक कळ दाबून पाहा: आवाज, पुढचं गाणं, फोन उचलणं, फोन ठेवणं, बोलून हुकूम देण्याची कळ. रिव्हर्स टाका. कॅमेऱ्याचं चित्र लगेच येतं का, त्यावरच्या रेषा स्टिअरिंगबरोबर वळतात का? सेन्सरचा बीप-बीप आवाज नेमका कुठून येतो, तेही कान देऊन ऐका. जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रवासी गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, त्यामुळे साध्या मॉडेलमध्येही हा प्रश्न येतोच. आवाज वेगळ्या बझरमधून येत असेल तर चिंता नाही. गाडीच्या स्पीकरमधून येत असेल, तर जुना स्टिरिओ काढल्यावर तो बंद पडू शकतो. मग ते सेन्सर असून नसल्यासारखे.

एसीचा आकडा, टायरची हवा, उघडं दार, घड्याळ यांतलं काय स्क्रीनवर दिसतं, तेही नोंदवा. काही गाड्यांत दारं आपोआप लॉक होणं किंवा हेडलाइट किती वेळ चालू राहायचे, हे फक्त कंपनीच्या स्क्रीनवरूनच बदलता येतं. अशा गाडीत नव्या स्टिरिओला तो मेनू नसेल, तर आहे ती सेटिंग तशीच राहते. म्हणून जे बदलायचं ते आधीच बदलून घ्या. प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

आता खरा मुद्दा, स्टिअरिंगच्या कळांचा. बोलेरोसारख्या साध्या वायरिंगच्या जुन्या गाड्यांत या कळा असतील, तर प्रत्येक कळ वेगळा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा वेगळा अडथळा, दाखवते. स्टिरिओच्या मागे की-१, की-२ आणि अर्थिंगच्या वायरी असतात. त्या जोडायच्या, सेटिंगमध्ये जाऊन एकेक कळ शिकवायची, काम झालं. नव्या गाड्यांत मात्र कळेचा निरोप कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या कंट्रोल युनिटांच्या आपसातल्या वायरीवरून जातो. तिथे मध्ये डिकोडरचा डबा लागतो, तो हा निरोप नव्या स्टिरिओला समजेल असा करून देतो. हा डबा गाडीच्या नावावर घेऊ नका. मॉडेल, वर्ष आणि व्हेरियंट तिन्ही जुळवून घ्या. त्याच नावाच्या गाडीच्या टॉप मॉडेलचा डबा खालच्या मॉडेलला लागेलच असं नाही. दुकानदार ‘व्हई जाई भाऊ’ म्हणाला, तरी कॅमेरा, सेन्सर, कळा यांची आपली यादी पुढे ठेवा आणि प्रत्येक ओळीपुढे हो किंवा नाही लिहून घ्या. धुळे असो की जळगाव, चांगला फिटर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्यालाच काम सोपं जातं.

वायरी न कापता, कपलरला (वायरींच्या टोकाच्या प्लगला) कपलर जोडूनच काम करून घ्यायचं, हे आधीच बजावून ठेवा. कंपनीची वायर कापली की वॉरंटीत वाद होतो आणि पुढे दोष शोधणं अवघड होतं. वायरीचे रंग मात्र ओळखून ठेवा. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंना पिवळी म्हणजे कायमचा करंट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, काळी अर्थिंग, केशरी लाइटबरोबर चालणारी. हे रंग स्टिरिओच्या बाजूचे आहेत. गाडीच्या बाजूचे वेगळे असू शकतात, तिथे रंगावर विसंबू नका, मल्टिमीटर लावा. कॅन बसच्या काही गाड्यांत स्टिरिओमागे चावीचा करंट नसतोच. तो डिकोडरच्या डब्यातून मिळतो. हे माहीत नसलं की लाल आणि पिवळी एकत्र जोडली जाते. मग चावी काढल्यावरही स्टिरिओ जागा राहतो आणि गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते.

निळी-पांढरी वायर विसरू नका. गाडीत कंपनीचा वेगळा ॲम्प्लिफायर असेल, तर तो सहसा याच वायरीच्या करंटवर चालू होतो. ती न जोडल्यास स्टिरिओ चालतो आणि आवाज येत नाही. काही अँटेनांना असाच करंट लागतो, नाहीतर रेडिओ खरखरतो. घरात कोणी मिडियम वेव्हवर आकाशवाणी ऐकत असेल, तर नव्या स्टिरिओत एएम आहे का तेही विचारा, कित्येकांत फक्त एफएम असतं.

कॅमेऱ्याचा व्होल्टेज मोजा. बाजारातले कॅमेरे साधारण १२ व्होल्टचे, पण कंपनीचे काही ६ व्होल्टवर चालतात, आणि त्यांना सरळ १२ दिले तर जळतात. कॅमेरा कोणत्या प्रकारचा सिग्नल देतो आणि स्टिरिओ तो घेतो का, हेही विचारा. कंपनीचा यूएसबी आणि छतातला माइक चालू राहायला वेगळे ॲडॉप्टर लागतात, ते याच यादीत घाला.

एवढं झालं की मग स्टिरिओ बघा. आपल्याकडे याचा विचार उन्हापासून सुरू करावा लागतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डचं तापमान त्याहून कितीतरी वर. अनेक स्टिरिओंच्या पुस्तिकेत चालण्याची मर्यादा ६० अंशांच्या आसपास दिलेली असते. म्हणून रॅमचा आकडा बघण्याआधी मागे हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या), पंखा आहे का ते बघा. मागच्या बाजूला आधाराची पट्टी आणि स्क्रू हवाच, नाहीतर शेतरस्त्यांवर हादऱ्याने कपलर सैल होतात. तोरणमाळ किंवा धडगाव-मोलगीकडे जाणं असेल तर नकाशे ऑफलाइन उतरवता येतात का ते पाहा, सातपुड्यात नेटवर्क जागोजागी जातं.

कामाच्या दिवशी सकाळची वेळ आणि सावली निवडा. उन्हाने वाळलेलं जुनं प्लास्टिक ओढलं की क्लिपा तुटतात, त्यामुळे लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरऐवजी प्लास्टिकच्या पट्ट्या घ्या आणि आठ-दहा जादा क्लिपा आणून ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह काढण्याआधी, करंट तुटल्यावर जुना स्टिरिओ परत चालू करायला कोड लागतो का ते मॅन्युअलमध्ये बघा. निगेटिव्ह काढल्यावर लगेच हात घालू नका, एअरबॅगचा साठलेला करंट उतरायला मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ द्या. पिवळे कपलर दिसले तर ते बहुतेक एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही. हँडब्रेक ओढलेला असतानाच व्हिडिओ चालू देणारी पार्किंग ब्रेकची वायर सरळ अर्थिंगला मारून चालत्या गाडीत व्हिडिओ चालू करून देतो असं कोणी म्हणालं, तर ठाम नकार द्या.

डॅशबोर्ड बंद करण्याआधी सगळं जोडून, यादीतली एकेक ओळ तिथेच तपासा. कळा, कॅमेरा, सेन्सर, माइकवरून एक फोन, रात्रीचा लाइट. शेवटी गाडी बंद करून लॉक करा, अर्धा-पाऊण तास थांबा आणि बॅटरीच्या वायरीभोवती डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावून करंट मोजायला सांगा. पन्नास मिलिअँपिअरच्या आत असला तर ठीक. अर्धा अँपिअर दिसला तर फिटरला गाडी परत उघडायला लावा, पैसे त्यानंतर द्या. जुना स्टिरिओ, त्याची फ्रेम आणि स्क्रू एकाच खोक्यात घालून घरी न्या. पत्र्याखालच्या माळ्यावर मात्र ठेवू नका. गाडी विकताना गिऱ्हाईक जुना स्टिरिओ मागतं.