फजितीला चहा फुकट: घेतलेली वस्तू चारचौघींत दाखवायची कशी

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे, म्हणजे लिलाव निघतात, तसा आमच्या गल्लीत शनिवारी संध्याकाळी सौदा निघतो. जागा म्हणजे माझं ब्लाउज शिवायचं दुकान. मंगळवार पेठेत, दोन मशिनी आणि एक बाकडं मावेल एवढं. सहाला मी मशीनवर कापड टाकते आणि बायका पिशव्या घेऊन यायला लागतात. कुणी महाद्वार रोडवरनं उशीच्या खोळी आणलेल्या असतात, कुणी लक्ष्मीपुरीतनं बिडाचा तवा, कुणी कपिलतीर्थात भाजी घेता घेता मोहात पडून घेतलेली घरातली पाचवी किसणी. विकायचं काहीच नसतं. घेतलेलं दाखवायचं, किंमत ओळखायची, हसायचं, चहा प्यायचा. नऊ वर्षं चाललंय हे. परवा भाचीचा पुण्यातनं फोन आला, "मावशी, आमच्या सोसायटीत चालू करायचंय, तुम्ही कसं करता?" तिला जे सांगितलं तेच इथं लिहितेय.

आधी एक खुलासा. लिहिताना मी 'गेले, आले' लिहिणार, पण आमच्या सौद्यात सगळ्या बायका 'मी गेलो, मी आलो'च म्हणतात. कोल्हापूरच्या पोरी आहोत, त्याला इलाज नाही.

किमतीची चिठ्ठी घरीच फाडून यायची. वस्तू बाकड्यावर ठेवायची आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणंच अवघड. "स्वस्तात मिळालं गं" हे वाक्य ओठावर आलेलं असतं, ते गिळायचं. मग डावीकडनं एकेकीनं किंमत बोलायची. आक्का आमच्यात थोरली, पंच्याहत्तरी ओलांडलेली, ती अजून तिच्या लग्नातल्या भावानं बोलते. स्टीलचा डबा बघितला की "बारा रुपये" म्हणते. तिची बोली धरत नाही, पण तिच्याशिवाय सौदा उघडतही नाही. सगळ्यांचं बोलून झालं की खरी किंमत सांगायची. जी सगळ्यात जवळ आली तिला कपबशा विसळायची सुट्टी. चहाचे दहा-दहा रुपये सगळ्या देतात, फक्त जिची फजिती सगळ्यात मोठी ती देत नाही. फजिती कुणाची मोठी ते आक्का ठरवते. तिच्या निकालावर अपील नाही.

हा फजितीचा नियम पहिल्या दिवसापासनं नव्हता. पहिले दोन महिने प्रत्येक जण आपण किती हुशारीनं घेतलं तेच सांगायची, आणि खरं सांगू, कंटाळा यायचा. तो नियम पडला माझ्या चपलेनं.

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. पण आम्हा कोल्हापूरकरांना ३९ हा आकडा म्हणजे आमंत्रण असतं, सगळं गाव पाणी बघायला निघतं. मीही निघाले. पायात चार दिवसांपूर्वी ३५० रुपयांना घेतलेली नवीकोरी कोल्हापुरी. दुकानाचं नाव सांगत नाही. पावसात कोल्हापुरी घालणं हा पहिला मूर्खपणा. शिवाजी पुलापर्यंत पोचेस्तोवर उजव्या पायाखाली काहीतरी फुगायला लागलं. खाली बघितलं तर तळ पुरीसारखा टम्म. परत येताना त्याचे पापुद्रे सुटले, आणि आतनं निघाला पुठ्ठा! खोक्याचा, तपकिरी, त्यावर अर्धं अक्षरसुद्धा दिसत होतं. शनिवारी ती चप्पल तशीच कागदात गुंडाळून बाकड्यावर ठेवली. कुणी बोलीच लावेना. आक्का बराच वेळ उलटीसुलटी करून बघत होती, मग म्हणाली, "कोल्हापुरात राहून कोल्हापुरीत फसलीस, आज तुझा चहा माझ्याकडनं." त्या दिवशी आम्ही जेवढ्या हसलो तेवढ्या दोन महिन्यांत हसलो नव्हतो. आणि घरी जाताना प्रत्येकीनं विचारलं, मग खरी कशी ओळखायची?

तर ती अशी. पट्टा उलटा करून बघा. आतल्या बाजूला कापडाची वीण दिसली तर ते रेक्झिन. चामड्याची आतली बाजू लवदार लागते, बोटाला किंचित खरखरते. मग तळाची कड बघा. चामड्याचे थर एकावर एक दिसले पाहिजेत, आणि ते चामड्याच्या वादीनं शिवलेले पाहिजेत. जुन्या पद्धतीच्या कामात खिळा नसतो. कड काळ्या रंगानं जाड लिंपलेली असेल तर नखानं जरा खरवडा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. वास घ्या. हिरडा, बाभळीची साल असल्या झाडपाल्यानं कमावलेल्या चामड्याला एक उग्र, मातकट वास असतो, आणि डिंकाचा वास वेगळा, तो लगेच कळतो. चप्पल लाइनीत, म्हणजे आमच्या चपलांच्या बाजारात, दहा दुकानं फिरलात तर नाक आपोआप तयार होतं.

नवी चप्पल चावणारच. चपलेच्या अंगठ्याला आणि कानांना, म्हणजे बाजूच्या त्या पाकळ्यांना, आतनं तेल लावून रात्रभर ठेवा. मी एरंडेल लावते, वैनी खोबरेल लावते, यावरनं आमचं दर वर्षी भांडण होतं. पहिले आठ दिवस घरातल्या घरात घाला. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात टाकली की कडक होऊन चिरते.

२०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून. म्हणजे आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांची ती चप्पल, आपण उगीच 'फक्त आमचीच' म्हणून मिशीला पीळ देतो. मग २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटलीतल्या बड्या कंपनीच्या फॅशन शोमध्ये मॉडेल पोरं तसल्याच चपला घालून चालली, आणि आधी कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही, तेव्हा गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्या शनिवारी बँकेतली मैत्रीण पेपरातला फोटो घेऊन आली आणि म्हणाली, याच्यावर बोली लावा. आक्का म्हणाली, "बारा रुपये. आणि त्यांना म्हणावं, जुलैत पाणी बघायला या."

चपलेनंतर सौद्यात सगळ्यात जास्त वेळा आलेली वस्तू म्हणजे गूळ. कोल्हापुरी गुळालाही मानांकन आहे, त्यामुळं बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना गूळ घेऊन द्यायची जबाबदारी आपल्यावर. वैनीनं एकदा मुंबईच्या नणंदेसाठी किलोची ढेप आणली. पिवळीधमक, अगदी हळद लावलेल्या नवरीसारखी. सगळ्यांनी वाहवा केली. एकटी मास्तरीणबाई गप्प, तिचं माहेर पन्हाळ्याच्या बाजूला, घरचं गुऱ्हाळ. ती म्हणाली, "महिनाभर ठेवून बघ." नणंदेचं येणं लांबलं, ढेप राहिली, आणि महिन्यानं खरंच शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाची झाली. उसाचा रस उकळायच्या काहिलीत हायड्रॉस पावडर, म्हणजे रंग उडवायचं रसायन, टाकली की रस उजळतो, पण तो उजळपणा टिकत नाही, हळूहळू परत काळवंडतो. रसावरची मळी काढायला पूर्वापार रानभेंडीचा चिकट रस घालतात, त्यानं गूळ स्वच्छ होतो पण असा झळझळीत होत नाही. तेव्हा गूळ घेताना सोनेरी रंगाला भुलू नका, तांबूस-तपकिरी बघा. एक खडा जिभेवर ठेवा, खारट लागला तर खाली ठेवा. घरी आणल्यावर ग्लासभर पाण्यात विरघळवून दहा मिनिटं ठेवा, तळाला काय बसतं ते दिसेल.

गुळाच्या चहात दूध फुटलं म्हणून गूळ खराब, असं मात्र लगेच म्हणू नका. यावर आमच्याकडं दोन शनिवार वाद झाला. चहा गॅसवरनं उतरवायचा, जरा थांबायचं, मग गूळ घालायचा. तरीही फुटला तर मग गुळाला बोल लावा.

आता सौद्यातल्या बोलण्याचं. चेष्टा कशीही करा, पण एका वाक्याला आमच्याकडं बंदी आहे: "आमच्या ओळखीच्यात निम्म्यात मिळालं असतं." हे वाक्य कुणी बोललं की पुढच्या शनिवारी तिनं भजी आणायची. बँकेतली आतापर्यंत सात वेळा भजी घेऊन आली. शेवटी आम्ही तिला म्हटलं, तुझ्या ओळखीच्यात बेसनपण निम्म्यात मिळतं का बघ. दुसरी बंदी गरजेपोटी घेतलेल्या वस्तूवर हसायला. पोराच्या फीमधनं काटकसर करून घेतलेला मिक्सर, म्हाताऱ्या सासऱ्यांचा वॉकर, यांना बोली नाही. ते फक्त बघायचं, कुठनं घेतलं ते विचारायचं आणि पुढं जायचं. आणि नवऱ्यानं आणलेली साडी बाकड्यावर ठेवू नका. तिची खरी किंमत कळली की दोन घरांत भांडणं होतात, हा अनुभव आहे.

टोमणा मारायचा तर वस्तूला मारा. "लई भारी घेतलंयस गं, पण ह्याला ठेवायला दुसरं घर घेतलंस का?" असं म्हटलेलं चालतं. वजन, रंग, नवऱ्याचा पगार यांवर गेलात की पुढच्या शनिवारी बाकडं रिकामं राहतं.

फोनवरनं मागवलेल्या वस्तूंनी तर सौद्याला बहर आणलाय. बँकेतलीनं देवघरापुढं टाकायला सतरंजी मागवली, ४० बाय ६०. तिनं धरले इंच, आले सेंटिमीटर. पाकीट उघडलं तेव्हा आम्हाला वाटलं वरनं नमुना पाठवलाय, सतरंजी मागनं येईल. टेप माझ्या गळ्यातच असतो, मोजलं तर सोळा इंच बाय चोवीस इंचाला जराशी कमी. आता तिच्यावर तिची मांजर बसते. तेव्हापासनं माझा नियम आहे: मागवायच्या आधी टेप घ्या, जुनं वर्तमानपत्र त्या मापानं दुमडा आणि जिथं वस्तू ठेवायची तिथं ठेवून बघा. कागद बघून जे कळतं ते फोटो बघून कळत नाही. फोटोतल्या बाईच्या हाताकडं बघून अंदाज करायचा नाही, त्या बाईचा हात केवढा ते तुम्हाला कुठं माहिती?

उन्हाळ्यात चटणीचा हंगाम. (बाहेरच्यांसाठी: आम्ही तिखटाला चटणी म्हणतो.) मिरच्या हा सौद्यातला एकमेव माल जो सगळ्या एकाच वेळी आणतात, त्यामुळं तुलना निर्दय होते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, एवढं सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते वजनात. गेल्या वर्षी मी तीन किलो आणली, मूठभर घेऊन दाबून बघितलीच नाही. ओलसर मिरची वजनाला भरते, कडक वाळलेली मुठीत खुळखुळते. चार दिवस ऊन दाखवून आणि देठ काढून डंकावर नेली तेव्हा अडीच किलोच्या आत आली. कांडपवाला म्हणाला, "मावशी, अर्धा किलो पाणी घेऊन आला होता तुम्ही." काट्यावर काही ठेवायच्या आधी शून्य दिसतंय का ते बघायचं, हे तर आता आक्कालाही कळतं. मिठाईचं खोकं मिठाईबरोबर तोलू द्यायचं नाही, तेही. खोक्याचं वजन मिठाईत धरायचं नसतं, आणि दुकानदार वाद घालायला लागला तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर नुसता मोठ्यानं म्हणायचा. वैनीनं म्हटला होता. खोकं लगेच खाली आलं, वर दोन पेढे जास्त आले. ते पेढे तिनं एकटीनं खाल्ले, ही वेगळी तक्रार.

शेवटची सोय म्हणजे वही. माझ्या मापाच्या वहीत पुढनं गिऱ्हाइकांची छाती-कंबर-बाही, मागनं सौद्याच्या नोंदी. वस्तू, किंमत, तारीख, आणि सहा महिन्यांनी एक शेरा: 'चालू', 'माळ्यावर', नाहीतर 'जाऊबाईंना दिली'. भाचीला सांगितलं, बाकी काही केलं नाहीस तरी चालेल, वही कर. आमच्या वहीत मागच्या वर्षीच्या तीन किसण्या 'माळ्यावर' आहेत, हे वाचून दाखवलं की चौथी घेणारी आपोआप थांबते. म्हणजे थांबायला पाहिजे. कपिलतीर्थातली पाचवी किसणी मीच घेतली होती.

कालच्या शनिवारची नोंद ही: 'कपड्यांचे चिमटे, २ डझन, ४० रुपये. मोजले, २३ निघाले.' चहा मला फुकट मिळाला. चोविसावा गेला कुठं म्हणून मी अर्धा तास बडबडत होते, तर आक्का म्हणाली, "सापडला तर तुझ्या तोंडालाच लाव."